आतल्या चाकाची हवा



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संत, शिवछत्रपती, लोकमान्य आणि झालेच तर चंद्रावर उतरलेले यान, असे विषय आपल्या कानांना सवयीचे झाले आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली. तेव्हापासून आजवर ट्रकच्या मागच्या चाकांतील हवा ह्या विषयावर कोणी व्याख्यान दिले असल्यास ते आमच्या वाचनात नाही. चिटणीस महाशयांनी आम्हाला बोलावले ते कामठीच्या कामगारांचा इतिहास सांगण्यासाठी. त्यांची फसवणूक करण्याचा आमचा हेतू नाही. इतिहासच सांगणार आहोत. फक्त तो गाडीखाली वाकून सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. त्यापुढचे काही ट्रकच्या फाळक्यावर बसून झाले, काही वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वान वक्त्यांची शिस्त आमच्याकडून अपेक्षू नये.

कामठी हे गाव जसे नदीचे तसेच रस्त्याचे. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली. 'कॅम्प' ह्या शब्दावरून गावाचे नाव पडले असे आपल्याकडचे म्हातारे सांगतात. ते खरे असो वा नसो, छावणी आली म्हणजे दाणागोटा आला आणि दाणागोट्याबरोबर गाड्या आल्या, एवढे नक्की. नागपूर, कामठी, कन्हान ओलांडून मनसर, देवलापार, खवासा, कुरईचा घाट, सिवनी आणि जबलपूर अशी ही वाट. रेल्वे येण्यापूर्वी तिच्यावरून जे काही गेले ते बैलांनी ओढून नेले.

त्या गाडीच्या चाकाला तुंबा, आरे आणि बाहेरून लोखंडाची धाव. धाव भट्टीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे, म्हणजे लोखंड आकसून लाकडाला करकचून आवळते. सुताराला सुताराचे आणि लोहाराला लोहाराचे दाम मिळत. ते कोणी द्यायचे ह्याबद्दल वाद नसे. धाव सैल झाली की खडखड करते. झोपेत असलेला गाडीवानसुद्धा त्या आवाजाने जागा होतो. चाकाचा दोष कानावर येत होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण हवेच्या टायरचा पहिला अवगुण असा की त्याचा दोष कानावर येत नाही.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच पेटंट करून ठेवली होती. कोणी विचारले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बांधली आणि त्याचे नाव जगभर झाले. इतके, की आपल्याकडचा शेतकरी रबरी चाकाच्या बैलगाडीला 'डनलॉपची गाडी' म्हणू लागला. मालमोटारींना मात्र बराच काळ भरीव रबराचीच चाके असत. हवा एवढे ओझे झेलील असे कोणाला वाटत नव्हते. १९१७ साली अमेरिकेतील गुडइयर कंपनीने ऍक्रन ते बोस्टन असा हवेच्या टायरांचा ट्रक मुद्दाम चालवून दाखवला. पहिल्या फेरीत टायरमागून टायर फुटले, पण ट्रक पोचला. त्याआधीच, १९०८ च्या सुमारास, फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी अवजड गाड्यांसाठी वेगळी तोड काढली होती: एक टायर भार घेत नाही ना, मग आसाच्या प्रत्येक टोकाला शेजारी शेजारी दोन बसवा. आज आपल्या नागपूर रस्त्यावर ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हानच्या पुलापर्यंत जेवढे ट्रक उभे दिसतात त्यांच्या मागच्या जोडचाकांचे मूळ तेथे आहे.

(जाता जाता: आपण ज्याला 'स्टेपनी' म्हणतो ते नाव वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले. तेथील दोघा भावांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. ती गल्ली न पाहताच देवलापारच्या अंधारात तिचे नाव आम्ही किती वेळा घेतले असेल!)

आता ही जोडी कशी चालते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

दोन्ही चाके एकाच बोल्टांनी एकाच तुंब्याला आवळलेली असतात. एकाने शंभर फेरे घेतले तर दुसऱ्यानेही शंभरच घ्यायचे. त्यांपैकी एकात हवा कमी असेल तर ते बसते आणि त्याचा घेर कमी भरतो. समजा, व्यासात सहा मिलिमीटरांचा फरक पडला, नखाएवढाही नाही. पण घेरात तो एकोणीस मिलिमीटर होतो. ट्रकचे चाक किलोमीटरमागे तीनशेहून थोडे अधिक फेरे घेते, म्हणजे दर किलोमीटरला सहा मीटरांची तफावत. कामठीहून जबलपूर साधारण अडीचशे किलोमीटर धरले तर दीड किलोमीटर. एवढे अंतर ते चाक चालत नाही, फरफटत जाते. रबर झिजते, डिझेल जळते, आणि हे घडताना गाडी नेहमीसारखीच धावत असते.

भाराचे गणित ह्याहून वाईट. मागच्या आसावर कायद्याने बरीच वर्षे १०.२ टन भार चाले. चार टायर, म्हणजे प्रत्येकी अडीच टनांच्या वर थोडे. जोडीतला एक बसला की त्याचे अडीच टन शेजाऱ्याच्या डोक्यावर. पुढे जे होते ते समजायला लोहारकाम केलेले असावे. लोखंडाची तार हातात घेऊन एकाच जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. तुटण्याच्या आधी ती जागा बोटांना चटका देते. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अशीच वाकते आणि सरळ होते. बाहेर काही दिसत नाही, आत भट्टी लागते.

आणि हा बसणारा टायर पुष्कळदा आतला असतो. रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता बांधतात, त्यामुळे जोडीतल्या आतल्या टायरवर दाब अधिक पडतो. ब्रेकचा ड्रम त्याच्याजवळ, वारा त्याला कमी. शिवाय त्याचा वाल्व डिस्कच्या भोकातून आत हात घालून शोधावा लागतो. भोक चिखलाने भरलेले, हात ग्रीजने माखलेले, आणि वर मालक ओरडत असतो की नंबर जाईल, गाडी लाव. ह्यासाठी वाल्वला लांब नळी जोडता येते आणि दोन वाल्व समोरासमोरच्या भोकांत येतील अशी चाके बसवता येतात. तसे बसवलेही जाते, जेव्हा बसवणाऱ्याला वेळ दिलेला असतो.

म्हणून आमच्या धंद्यात टामी आली. टामी म्हणजे जॅकच्या दांड्यासारखा लोखंडी गज. पहाटे क्लीनरने ती हातात घेऊन गाडीभोवती फिरायचे, प्रत्येक टायरवर एक घाव मारायचा, आवाज ऐकायचा आणि म्हणायचे, "उस्ताद, हवा ठीक है." हिंदुस्थानात लाखो पहाटा अशा उगवल्या आहेत. त्या घावाबरोबर दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड काढणे हेही त्याचेच काम. आणि ते खरोखर उपयोगाचे, कारण तसा दगड वेगात सुटला तर मागच्या सायकलस्वाराचा जीव घेतो आणि अडकून राहिला तर दोन्ही टायर कापतो.

दुसऱ्या महायुद्धाने ह्या हवेची किंमत सगळ्या जगाला शिकवली. १९४२ साली मलाया व जावा जपानच्या हाती गेले आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा बहुतेक पुरवठा एका झटक्यात तुटला. टायर शिधापत्रिकेवर आले. १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याने 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची ट्रकांची अखंड रांग चालवली. त्यावरील चालकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश काळे सैनिक होते. ज्या सैन्यात त्यांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसू देत नव्हते, त्याच सैन्याची पुढची फळी त्यांच्या पेट्रोलवर चालत होती. ट्रकांवर नेमस्ताच्या दुप्पट भार, आणि रस्त्यावर शिध्याचे फेकलेले पत्र्याचे डबे. टायर हजारोंनी गेले. त्या हकीकती आम्ही वाचल्या तेव्हा आम्हाला कन्हानच्या पुलावरची कोळशाची रांग आठवली. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या ह्या गावाला त्या रांगेचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

युद्ध संपले आणि लष्कराने मोडीत काढलेल्या मालमोटारी लिलावात आल्या. 'डिस्पोजलचे ट्रक' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्यांतले काही दहा चाकांचे, मागे जोडचाके असलेले. लष्करात त्या गाडीबरोबर हवा मोजण्याचा गेज असे, तपासणीचे कोष्टक असे आणि ते भरले नाही तर शिक्षा असे. लिलावात गाडी आली, कोष्टक आले नाही. १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले, मनसरचे मँगनीज आणि कन्हानपलीकडचा कोळसा रस्त्यावर आला, १९७४ साली कोराडीचे वीजकेंद्र पेटले आणि ट्रकांची संख्या वाढतच गेली. गाडीबरोबर पाना आला, जॅक आला, टामी आली. गेज क्वचितच आला. वास्तविक खिशात मावणारा साधा गेज १९०९ पासून बाजारात आहे.

येथे आम्हाला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

१९८८ चा मे महिना. आम्ही एकोणीस वर्षांचे क्लीनर. मालकाचे नाव सांगत नाही. ते आता हयात नाहीत आणि त्यांच्यासारखे पुष्कळ होते. कोळसा भरून सिवनीकडे निघायचे होते. पहाटे आम्ही टामी घेऊन फिरलो. मागच्या डाव्या जोडीवर बाहेरच्या टायरला घाव घातला, टणटणीत आवाज आला. आतल्यापर्यंत टामी नीट पोचत नव्हती. तिरकी घालून मारली, काहीतरी आवाज आला. "उस्ताद, हवा ठीक है," आम्ही म्हणालो. दुपारी मनसरच्या पुढे ढाब्यावर थांबलो तेव्हा टायर हाताला लागत नव्हते एवढे तापलेले. उस्तादांनी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पिन दाबून बाहेरच्या टायरांतली थोडी थोडी हवा सोडायला सांगितली, म्हणजे फुटणार नाहीत. आम्ही सोडली. रात्री देवलापारच्या पुढे उतारावर बाहेरचा डावा फुटला. गाडी डावीकडे बसली, रस्त्यावरून उतरली आणि आडवी झाली. आम्ही कोळशावर फेकले गेलो आणि वाचलो. उस्तादांचा उजवा पाय दरवाज्याखाली चेंगरला.

महिन्याभराने हिशेब झाला तेव्हा दोन टायरांची किंमत उस्तादांच्या उचलीच्या खात्यावर लिहिलेली होती, आणि आमचा दीड महिन्याचा पगार त्यात वळता केलेला होता. कारण लिहिले होते: निष्काळजीपणा. आम्हाला ते पटलेही होते. हवा ठीक आहे असे आम्हीच म्हटले होते ना!

युनियनच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने, जो तरुणपणी विडी मजुरांत काम करीत असे, आम्हाला विचारले, "टायर कुठं आहे?" आम्ही म्हटले, फुटका टायर घेऊन काय करायचे? तो म्हणाला, "अरे पोरा, विडीवाला मालक छाट काढतो तेव्हा आपण आधी काय म्हणतो? छाटलेली विडी दाखव." कामठीचे बाबू हरदास, ज्यांचा जन्म १९०४ चा आणि ज्यांना अवघे पस्तीस वर्षांचे आयुष्य मिळाले, त्यांनी ह्याच गावात विडी मजुरांना संघटित केले. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापायचे आणि त्या विड्याही परत द्यायच्या नाहीत, हा विडी मजुरांचा जुना घाव. दोष दाखवल्याशिवाय दाम कापू नये, हा धडा आमच्या म्हाताऱ्याने तेथून आणला होता.

टायर मालकाच्या आवारात पडलेले होते. दोन्ही उचलून आम्ही हातगाडीवर घातले आणि जुन्या टायरवर नवे रबर चढवणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेले. त्याने बाहेरच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आतला घेतला, आत हात फिरवला आणि हात बाहेर काढून दाखवला. बोटांवर काळी भुकटी. मग त्याने बाजूच्या आतल्या अंगाला गोल फिरलेली सुरकुती दाखवली, जणू कोणी दोरी बांधून आवळले होते. "हा त्या रात्री गेला नाही," तो म्हणाला. "हा तीन-चार दिवस आधीच मेला होता. बाहेरचा एकटा दोघांचं ओझं ओढत होता. त्यातली पण हवा तुम्ही सोडली. मग तो तरी काय करणार?"

हे वाक्य पुढे आम्ही कित्येक गेट-सभांत वापरले. एकजुटीचा दृष्टान्त म्हणून ते फार चांगले चालते. एकदा एका ड्रायव्हरने मध्येच उठून सांगितले, "साहेब, दृष्टान्त राहू द्या, आतला वाल्व हाताला लागेल अशी नळी मिळवून द्या." तेव्हापासून दृष्टान्त बंद केला.

ढाब्यावरच्या त्या चुकीबद्दल दोन शब्द. उन्हाने आणि चालण्याने टायरमधील दाब वाढतो. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांत शंभर पौंड भरलेली हवा मेच्या पंचेचाळीस अंशांत, गाडी जागेवरून न हलवता, एकशे चौदा पौंड दाखवील. टायर बनवणाऱ्याने हे धरूनच आकडा दिलेला असतो. गरम टायरची हवा सोडली की तो थंड झाल्यावर कमी भरतो, कमी भरला की जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो. म्हणून हवा मोजायची ती गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, ऊन चढायच्या आत, आणि जोडीतल्या दोघांची सारखी. मापात वीस टक्के तूट निघाली तर तो टायर नुसता भरून चालवायचा नाही. उतरवून आतून पाहायचा. हे आम्हाला १९८८ साली कोणी सांगितले नव्हते. उस्तादांनाही नव्हते. त्यांच्या उस्तादांना तर कोण सांगणार!

प्रकरण सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे गेले. तेव्हा १९३६ चा वेतन अदायगी कायदा लागू होता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असे त्यात होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने तो आमच्या धंद्याला लावला होता. त्या १९६१ च्या कायद्यात 'क्लीनर' हा शब्द लिहिलेला आम्ही प्रथम वाचला तो दिवस आम्हाला आठवतो. पार्लमेंटने आमचे नाव घेतले होते! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चाक फिरत नसताना गाडीसाठी केलेले पूरक काम हेही कामाच्या तासांत धरलेले होते. पहाटेची टामी म्हणजे काम, त्याचा वेळ म्हणजे पगाराचा वेळ. परंतु तो कायदा ज्याच्याकडे पाच कामगार आहेत त्याला लागू. एका ट्रकचा मालक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर, असा संसार त्याच्या बाहेरच राही, आणि ह्या रस्त्यावर असेच संसार फार. पुढे हे दोन्ही कायदे २०१९ व २०२० च्या श्रमसंहितांत गुंडाळले गेले.

मालकाच्या वकिलाचे म्हणणे एकच: क्लीनरने तपासले होते, तो स्वतःच कबूल करतो. आमच्या म्हाताऱ्याने विचारले, "कशाने तपासले?" वकील म्हणाले, टामीने, सगळे तसेच तपासतात. त्यावर म्हाताऱ्याने अर्ज केला की टामीने हवा कळते का ते पाहावे. अधिकारी भले गृहस्थ होते. एका रविवारी सकाळी आम्ही एका टायरवाल्याच्या दुकानासमोर सहा चाके मांडली. एक सपाट, बाकीच्यांत साठपासून एकशे दहा पौंडांपर्यंत वेगवेगळी हवा. मालकाच्या बाजूचे दोन आणि आमच्या बाजूचे दोन, असे चार जुने ड्रायव्हर आणले. सपाट टायर चौघांनीही पहिल्या घावात ओळखला. साठ, सत्तर, नव्वद आणि एकशे दहा ह्यांत मात्र चौघांची चार उत्तरे आली. त्यांतल्या एकाला आपल्या कानाचा मोठा अभिमान होता. तो नंतर पुष्कळ दिवस आमच्याशी बोलला नाही.

निकाल असा काही लागला नाही, तडजोड झाली. कापलेल्यातले निम्मे परत मिळाले आणि मालकाने गाडीवर एक गेज ठेवण्याचे कबूल केले. उस्तादांचा पाय सरळ झाला नाही. त्यांनी पुढे पुलाजवळ हवा भरण्याचे दुकान टाकले. आम्ही युनियनचे पूर्णवेळ काम धरले.

त्या दुकानात बसून आम्ही दुसरी एक गोष्ट पाहिली. ट्यूबच्या टायरची रिम एकसंध नसते. तिच्या कडेला लोखंडी रिंग बसवलेली असते आणि हवेच्या दाबाने ती जागेवर राहते. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटते आणि तोफेच्या गोळ्यासारखी उडते. ह्या रस्त्यावर एका दुकानातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आमच्या देखत असा गेला. अमेरिकेत १९८० साली नियम झाला की अशा चाकात हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दुरून. आपल्याकडे चाक ट्रकच्या सांगाड्याखाली सरकवतात किंवा रिंगवरून साखळी बांधतात; कित्येकदा तेही नाही. उस्तादांनी जुन्या सळया जोडून पिंजरा करवून घेतला होता. गिऱ्हाइके हसत. म्हणत, "उस्ताद, पोपट पाळला का?"

मग काळ बदलला. २००५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जादा भार दंड भरून पुढे नेण्याची वाट बंद केली. आम्हाला वाटले, आता टायरांना श्वास मिळेल. काही वर्षे थोडा मिळालाही. २०१८ च्या जुलैत सरकारनेच मागच्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. प्रत्येक टायरवर पावणेतीन टनांहून अधिक आले. वाढीव भाराला टायर कोणता आणि हवा किती, हे कोष्टकात आहे. ते किती क्लीनरांच्या हाती पडले? कित्येक गाड्यांवर तर आता क्लीनरच राहिलेला नाही. पगार वाचवण्यासाठी ड्रायव्हर एकटा जातो, आणि टामीची फेरीही त्यानेच मारायची.

ह्याच सुमारास रेडियल टायर ट्रकांवर सर्रास दिसू लागले. ते फ्रान्समधले १९४६ चे संशोधन. आपल्या ट्रकांपर्यंत पोचायला त्याला अर्धशतकाहून जास्त लागले. माल उत्तम, तापतो कमी, टिकतो जास्त. पण पुऱ्या हवेतही त्याचे पोट थोडे सुटलेले दिसते. जुन्या टायरचे पोट पाहून हवा ओळखणारी आमची पिढी तेथे फसली. कान आधीच हरला होता, डोळाही गेला.

एक गोष्ट आमच्याच लोकांना ऐकायला कडू लागेल, पण बोलली पाहिजे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण सापडली नाही. 'टायर फुटला' हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोपे झाले आहे. झोप लागली तरी टायर फुटला, वेग जास्त होता तरी टायर फुटला. मालकालाही ते वाक्य सोयीचे, कारण मग कोणी चालकाला किती तास झोप मिळाली हे विचारीत नाही. २०२४ च्या जानेवारीत नव्या न्यायसंहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी चाके थांबवली तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर होतो. त्या दिवशीही आम्ही सभेत सांगितले की आपली बाजू खरी असेल तर ती टायरच्या आत हात घालून दाखवता आली पाहिजे. फुटलेला तुकडा न् तुकडा गोळा करून ठेवा, पंचनाम्यात लिहवून घ्या, हवेची वही गाडीत ठेवा. टाळ्या पडल्या नाहीत.

ती वही म्हणजे एक साधी चौकोनी रेघांची वही. तारीख, वेळ, गाडी किती तास उभी, आणि सहा किंवा दहा आकडे. आमच्या युनियनच्या सभासदांपैकी काहींनी ती चालू ठेवली आहे, पुष्कळांनी दोन महिन्यांत सोडली. सोडणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आतल्या वाल्वपर्यंत हात घालायला एका जोडीला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांचे पैसे अजून कोणी देत नाही. नव्या गाड्यांना चाकातच हवेचा दाब कळवणारी यंत्रे बसवता येतात. ती चांगली आहेत. एका मालकाने ती बसवली आहेत आणि आकडे त्याच्या फोनवर येतात. चालकाला दिसत नाहीत. आम्ही त्या मालकाशी सध्या त्याबद्दलच बोलत आहोत.

१९८८ चा गेज तडजोडीनंतर वर्षभर त्या गाडीवर राहिला. गाडी विकली गेली तेव्हा उस्तादांनी तो काढून आणला आणि पुढे आम्हाला दिला. तो युनियनच्या टेबलाच्या खणात आहे. पितळेचा, पेनासारखा, आतली पट्टी बाहेर येते आणि तिच्यावर आकडे असतात. नव्या गेजशी ताडून पाहिला तर तो चार पौंड कमी दाखवतो. ज्याला हवा त्याने घेऊन जावा, वाचताना चार मिळवावेत, आणि संध्याकाळी परत खणात ठेवावा.